रविवारचं कुलूप

शिलाबाई चिडली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली यायचा. वसमतमधली तिच्या ओळखीची माणसं हे जाणून होती. एखादी सासू सुनेला रक्तवाढीच्या गोळ्या घेऊ देत नाही असं कळलं, की शिलाबाई खुर्ची पुढे ओढून इतक्या हळू बोलायची की सासूला कान लावून ऐकावं लागे. ऐकून झालं की ती सासू पुन्हा तसं करायच्या भानगडीत पडत नसे. त्या रविवारी मात्र शिलाबाई चर्चच्या मधल्या वाटेनं, उपदेश ऐन रंगात असताना, थेट पहिल्या बाकापर्यंत चालत गेली आणि तिथं पोचल्यावर तिच्या तोंडून शब्दच फुटेना.

पहिल्या बाकावर तिचा थोरला भाऊ बसला होता. तातेराव. साखर कारखान्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले, चर्चच्या मंडळीच्या पंचांमध्ये सगळ्यात वडील. आईबाप लवकर गेल्यावर त्यांनीच शिलाला वाढवलं, नर्सिंगला घातलं, चर्चच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात चिकटवलं. दवाखाना मंडळीचाच. डॉक्टर नांदेडहून आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस शिलाबाईच सगळं बघायची. रविवार सोडून. रविवारी चावी तातेरावांच्या खिशात.

"दादा, चावी द्या," ती कशीबशी म्हणाली.

"खाली बस," तातेराव ओठ न हलवता म्हणाले.

"बाहेर बाई भाजलीय. उकळत्या पाण्यानं. हात सुजतोय आणि मनगटात कडं आहे. कापायची कात्री आत, इंजेक्शन आत."

"शेवटचा आशीर्वाद होऊ दे. पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटांत हात काळा पडेल."

तातेरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. वेदीकडे बघत ते म्हणाले, "नियम तुला ठाऊक हाय, शिला. कोण हाय ती? तांड्यावरची?"

शिलाबाई वळली. मधल्या वाटेनं परत जाताना दोन्ही बाजूंची डोकी तिच्यामागे फिरत होती, आणि वर पाळक हरिचंद दयेवरचा उपदेश न थांबवता पुढे चालवत होते.

नियम तिला ठाऊक होताच. रविवारी दवाखान्याचं दार उघडायचं नाही. तातेराव त्याची दोन कारणं सांगत. एक मोठ्यानं सांगत, प्रभूचा दिवस आहे, त्या दिवशी रोजची कामं नकोत. दुसरं हळू आवाजात सांगत. मागच्या साली एका रविवारी उपासना चालू असताना बाहेरच्या एका बाईला सलाईन लावलं होतं, तर दोनचार जण फाटकाशी येऊन उभे राहिले. इकडं गाणी, तिकडं सलाईन, हे काय चाललंय म्हणून विचारायला लागले. त्यांना चहा पाजला, दवाखाना दाखवला, समजूत घालून पाठवलं. पण तेव्हापासून तातेरावांची झोप उडाली होती. आपण मूठभर माणसं, उद्या कोणी धर्मांतराचं बालंट आणलं तर कोण धावून येणार? त्यापेक्षा रविवारी कुलूप बरं.

बाहेर हापशापाशी ऑटो उभा होता. पारुबाई, सत्तरीकडे झुकलेली तांड्यावरची म्हातारी, हापसा मारत होती आणि धारेखाली तिची सून मिना हात धरून बसली होती. मिनाचा नवरा योगेश तिला मागून धरून उभा. मिना एका शेतावर हळद शिजवायच्या कामाला जायची. वाफेच्या ड्रमातून शिजलेली हळद बाहेर घेताना झाकण निसटलं आणि उकळतं पाणी उजव्या हातावर कोपराच्या वरपर्यंत आलं. शेतावर कोणीतरी वर दात घासायची पेस्ट थापली होती. ती शिलाबाईनं आल्याआल्या धुवायला लावली होती. पेस्टबरोबर कातडीही निघत होती.

"भेटली का चावी?" पारुबाईनं विचारलं.

"न्हाई."

"काहून?"

काय सांगणार? हापशाच्या ओट्याचा एक दगड सुटलेला होता. शिलाबाईनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि दवाखान्याच्या दारापाशी गेली. पहिला घाव कुलपावर बसला. कुलूप जाड होतं, हाललंही नाही. चर्चमधला उपदेश थांबला. दुसरा घाव तिनं कोयंड्यावर घातला आणि मग मोजायचं सोडून दिलं. जुन्या लाकडातून कोयंडा खिळ्यांसकट उखडून निघाला आणि कुलूप त्याला लोंबकळत राहिलं.

आत गेल्यावर तिचे हात आपोआप चालू लागले. कडं कापलं. दुखणं मारायचं इंजेक्शन दिलं, ओलं जाळीदार कापड टाकलं, वरून स्वच्छ पट्टी सैलसर गुंडाळली, सलाईनची सुई लावली. योगेशला म्हणाली, बाटली वर धरून बस, आणि थेट नांदेडला सरकारी दवाखान्यात न्या, मधे कुठं चहाला थांबू नका. मिना तोवर एकदाही ओरडली नव्हती. दात एकमेकांवर दाबून ती नुसती शिलाबाईच्या तोंडाकडे बघत होती.

ऑटो फाटकाबाहेर पडला तेव्हा आशीर्वाद होऊन मंडळी बाहेर आली होती. शिलाबाईच्या साडीवर पाणी, पेस्ट आणि कातडीचे तुकडे होते. सगळे दवाखान्याच्या दारासमोर अर्धगोल करून उभे राहिले. आणि सगळे कोयंड्याकडे बघत होते. जाणाऱ्या ऑटोकडे कोणी बघेना. बाई जगेल का, कोणी विचारलं नाही.

"चौकट बदलावी लागेल," मागून कोणीतरी म्हणालं.

*

पंचांची सभा बुधवारी भरली. दरवाजाचा खर्च शिलाबाईनं तिथंच टेबलावर ठेवला, म्हणजे त्या विषयावर कोणाला बोलता येऊ नये. मग उरलं दुसरं. उपासना मोडली, पवित्र दिवशी दगड उचलला, वडील पंचाचा शब्द झिडकारला. मंडळीसमोर उभं राहून माफी मागायची. मागेपर्यंत प्रभुभोजनाला बसायचं नाही.

"कशाची माफी?" शिलाबाईनं विचारलं. तिचा आवाज इतका खाली गेला होता की खिडकीपाशी बसलेल्या पंचाला ऐकू आलं नाही. "हात वाचवल्याची?"

"हात वाचवू नको असं कोणी म्हणालं नाही," तातेराव म्हणाले. "थांब म्हणालो."

"दुखणाऱ्याला थांब म्हणणं सोपं असतंय दादा. आपलं काही दुखत नसतंय."

पाळक हरिचंद टेबलाच्या टोकाला बसले होते. चाळिशीचे, मऊ स्वभावाचे. त्यांचा पगार, त्यांचं घर, पोरांच्या शाळेची सोय सगळं या पंचांच्या हातात. ते म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला होता. पण राग धरू नका. रागात केलेली दयासुद्धा देवाला आवडत नाही. राग हे पाप आहे."

शिलाबाई त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, "वाळलेल्या हाताच्या माणसाची गोष्ट सांगा बरं, साहेब."

"आत्ता?"

"सांगा की. येशू सभास्थानात गेला, तिथं वाळलेल्या हाताचा माणूस होता. दिवस कोणता होता?"

"शब्बाथ. विश्रांतीचा पवित्र दिवस," हरिचंद म्हणाले.

"आणि लोक टपून बसले होते, हा आज बरं करतो का बघू, म्हणजे दोष लावता येईल. त्यानं विचारलं, या दिवशी भलं करावं का बुरं करावं? जीव वाचवावा का घ्यावा? काय उत्तर दिलं त्यांनी?"

"गप्प राहिले."

"मग त्यानं काय केलं?"

"त्या माणसाला म्हणाला, हात लांब कर."

"त्याच्या आधी."

हरिचंद टेबलाकडे बघू लागले. टेबलाभोवतीची माणसंही गप्प होती.

"त्याच्या आधी त्यानं सगळ्यांकडं रागानं बघितलं," शिलाबाई म्हणाली. "लिहिलंय तसं मार्कानं. त्यांची मनं दगड झाली म्हणून त्याला वाईट वाटलं, आणि रागानं बघितलं. मग प्रभूनं पाप केलं का, साहेब?"

ही गोष्ट तिला तातेरावांनीच लहानपणी शिकवली होती, रविवारच्या शाळेत, सतरंजीवर बसवून. हात हिरव्या झाडासारखा कसा फुटला हे ते हातवारे करून दाखवायचे. रागाचं वाक्य ते गाळायचे. ते तिनं मोठेपणी, रात्रपाळीत, स्वतः वाचलं आणि पुन्हा पुन्हा वाचलं होतं.

तातेराव उठले. खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. "तो प्रभू होता," ते म्हणाले. "तू प्रभू नाहीस. तुझा राग तुझा हाय. त्याला त्याचं नाव लावू नको."

हे तिला लागलं. घरी येताना रस्ताभर ती दातओठ खात होती, आणि त्यांच्या बोलण्यातलं किती खरं आहे हे आपल्याला आत्ता बघायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

*

माफी तिनं मागितली नाही. दवाखान्याला नवी चौकट बसली, जाड कोयंडा आला. सोमवार ते शनिवार ती काम करायची. रविवारी शेवटच्या बाकावर बसायची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरायचं तेव्हा ते तिच्या बाकाशी न थांबता परत जायचं. ताट तातेराव फिरवत. त्या क्षणी भाऊबहीण एकमेकांकडे बघत नसत. सगळी मंडळी मात्र दोघांकडे बघायची.

उन्हाळा सरत आला तेव्हा मिना आली. नांदेडला तिच्या हातावर मांडीची कातडी लावली होती. जखम भरली होती. पण हात कोपरात दुमडून छातीशी चिकटला होता आणि बोटं आत वळली होती. दुखतं म्हणून तिनं हात पोटाशी धरून ठेवला, आणि नवी कातडी तशीच आवळून बसली. नांदेडच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. रोज ताणायचा, तेल लावून, हळूहळू, दुखलं तरी. नाहीतर पुन्हा ऑपरेशन.

"म्या ताणते तिचा," पारुबाई म्हणाली. "पण लेकरू वरडाया लागलं की माझा जीव कासावीस होतो बाई. सोडून देते म्या."

"माझ्याकडं आणा. दर आठवड्याला मी ताणते, तुम्ही रोज थोडं थोडं करा."

"रईवारीच येणं व्हतं," योगेश म्हणाला. तो मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. "मोंढा रईवारी बंद राहतो. बाकीच्या दिवशी मला सुट्टी न्हाई, आन् ह्या दोघी एकट्या येऊन राहिल्या तर परत जाया गाडी भेटत न्हाई."

"रविवारी या मग," शिलाबाई म्हणाली. आणि म्हणताना चर्चच्या उघड्या खिडक्या आठवून तिला चेव आला. आनंदासारखं होतं ते, पण आनंद नव्हता.

पुढच्या रविवारी तिनं मिनाला दवाखान्याच्या ओट्यावर बसवलं. मागे बंद दार, नवा कोयंडा. समोर दहा पावलांवर चर्चच्या उघड्या खिडक्या. आत गाणं सुरू झालं होतं. शिलाबाईनं खोबरेल हातावर चोळून कातडी मऊ केली, पारुबाईला मिनाचा खांदा पकडायला लावला, आणि कोपर एका हातात, मनगट दुसऱ्या हातात धरून ताणायला लागली.

भाजली त्या दिवशी न ओरडलेली मिना आज ओरडली. पहिली किंकाळी गाण्याच्या मधोमध गेली. पेटी एक सूर चुकली, मग सावरली, मग गाणं आणखी मोठ्यानं सुरू झालं. शिलाबाईनं हात सोडला नाही. कातडी ताणली जाऊन पांढरी पडली की तिथं थांबायची, तेवढंच धरून ठेवायची, मग अजून एक बोटभर. मिना ओरडायची, श्वास घ्यायची, शिव्या द्यायची. तांड्याच्या गोरमाटी बोलीत द्यायची, त्यामुळे खिडकीतल्या लोकांना कळत नव्हत्या. पारुबाईला कळत होत्या आणि ती लाजून खाली बघत होती.

पुढच्या रविवारी तसंच. त्याच्या पुढच्या रविवारीही. आत प्रार्थनेच्या शांततेत किंकाळी गेली की शिलाबाईला मनातून बरं वाटायचं. ऐका, ती मनात म्हणायची. ऐका आता.

तिसऱ्या खेपेला तातेराव बाहेर आले. पांढरा शर्ट, हातात गीतांचं पुस्तक, बोट अजून त्या पानावर.

"हे थांबव."

"कशाला?"

"लोकांना प्रार्थना करता येईना. म्हातारी माणसं घाबरतात. आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला काय वाटंल? चर्चमधून बाईच्या किंकाळ्या!"

"वाटू द्या. फाटक उघडं हाय, आत येऊन बघू द्या. मी काय लपवून करतेय?"

"तुझं घर दोन गल्ल्या पलीकडं हाय. तिथं ने हिला."

"इथं का नको? देवाच्या आवारात दुखणाऱ्या माणसानं ओरडायचं नाही, असाही ठराव झालाय का?"

"शिला, मी तुला हात जोडून सांगतोय—"

"मला हात जोडू नका. हिला जोडा. त्या दिवशी मागितल्याबरोबर उघडलं असतं, तर हिचं मनगट आणखी—" ती थांबली. ते खरं नव्हतं, हे नर्स म्हणून तिला माहीत होतं. हात आखडला तो व्यायाम न झाल्यानं, कुलपानं नव्हे. पण राग हिशोब बघत नाही. "तुमच्या नियमानं हिचं दुखणं वाढवलं," ती म्हणाली.

तातेरावांचा चेहरा पडला. पुस्तकातलं बोट निसटलं, पान हरवलं, आणि ते आत निघून गेले.

शिलाबाई पुन्हा तेलाकडे वळली तर मिनानं हात मागे घेतला. डाव्या हातानं उजवा हात छातीशी धरून ती म्हणाली, "बाई, एक इचारू?"

"विचार की."

"माझं वरडणं तुमी ह्या लोकांना ऐकवून राहिल्या का?"

पारुबाईनं सुनेला कोपरानं ढोसलं. मिना हटली नाही. "न्हाई, मला सांगा. तुमचं घर जवळ हाय, तो माणूस म्हणला. मंग मला इथं काहून बसवता? सगळे खिडकीतून बघत्यात. म्या काय तमाशा हाव का?"

शिलाबाईनं तेलाची बाटली खाली ठेवली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत तिला कोणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं. ओट्यावर सावली असते, वारा असतो, काहीही.

"व्हय," ती म्हणाली. "ऐकवत होते. त्यांनी दार उघडलं नाही, म्हणून माझं डोकं फिरलंय."

"मंग तुमचं भांडण तुमी भांडा," मिना म्हणाली. "माझ्या हातानं नका भांडू."

त्या दिवशी पुढचा व्यायाम शिलाबाईच्या घरी झाला. मिना घरीही तितकीच ओरडली. भिंतीपलीकडच्या शेजारणीनं विचारलं, शिलाबाईनं कारण सांगितलं, आणि तेवढ्यानं तिची समजूत पटली. जेवण करताना शिलाबाईला पुन्हा ती गोष्ट आठवली. येशूनं त्या माणसाला मधे बोलावलं होतं, सगळ्यांसमोर. पण रागानं बघितलं ते लोकांकडं. माणसाला फक्त म्हणाला, हात लांब कर. तिनं ते दोन्ही एकात कालवलं होतं. तिला स्वतःची चीड आली. पण भावावरचा राग त्यामुळे रतीभरही कमी झाला नाही, उलट आता त्याला कोणाची किंकाळी लागत नव्हती.

तिनं रविवारी चर्चला जाणं बंद केलं. त्या वेळेला मिना असायची.

*

पावसाळ्यात एका दुपारी पाळक हरिचंद तिच्या घरी आले. पिशवीतून त्यांनी छोटा डबा आणि छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. भाकर आणि द्राक्षरस.

"पंचांना सांगितलं नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला इतके महिने प्रभुभोजनाशिवाय ठेवणं मला बरं वाटेना. घ्या. मी प्रार्थना करतो."

शिलाबाईला त्यांची कीव आली, आणि कीव येताच राग आला. "साहेब, तुम्ही दार लावून आलात का?"

हरिचंदांनी मागे पाहिलं. दार त्यांनी खरंच लोटून घेतलं होतं.

"चोरून दिलेलं मला नको," ती म्हणाली. "तुमचं मन चांगलं आहे. सगळ्या वसमतला माहीत आहे तुमचं मन चांगलं आहे. पण ते कधी पंचांच्या समोर बाहेर येत नाही. त्या दिवशी मी मधल्या वाटेनं आले तेव्हा तुम्ही दयेवर बोलत होता. मी परत गेले तरी बोलतच होता. एक वाक्य थांबला असता तर? तातेराव, चावी द्या, एवढं म्हणाला असता तर?"

"मला भीती वाटली," हरिचंद म्हणाले.

"मग ते तिथं सांगा. वर उभं राहून. मला इथं काय सांगता?"

त्यांनी डबा पिशवीत ठेवला. जाताना दार उघडं टाकून गेले.

दोन आठवडे गेले. तोवर मिनाचा हात कोपरात निम्म्याहून जास्त उघडला होता. पुढचं इथंच सांगून टाकतो. हात शेवटपर्यंत पूर्ण सरळ झाला नाही, थोडा बाक राहिलाच. पण दिवाळीपर्यंत ती दोन्ही हातांनी लेकराला उचलू लागली आणि पुढच्या हंगामात हळद काढायलाही गेली. रविवारचा नियम कोणी सभा घेऊन रद्द केला नाही. फक्त एका रविवारी पारुबाईचा नातू ताप घेऊन आला तेव्हा कोणी तरी बाक सोडून उठलं आणि दार उघडलं गेलं, आणि नंतर कोणी त्याबद्दल बोललं नाही. भाकरीचं ताट शिलाबाईच्या बाकाशी पुन्हा थांबू लागलं. माफी तिनं मागितली नाही ती नाहीच. पण हे सगळं नंतरचं.

हरिचंद घरी येऊन गेल्याला दोन आठवडे झाले, त्या रविवारी पारुबाई वारंगा फाट्याजवळ एका लग्नाला गेली होती. योगेश मिनाला सोडून बाजारात गेला होता. शिलाबाईनं तेल लावलं, ताणायला घेतलं, पण खांदा धरायला कोणी नव्हतं. ताण दिला की मिनाचा अख्खा देह हाताबरोबर पुढे सरकायचा. एक हात खांद्यावर ठेवावा तर मनगट सुटायचं.

दार धाडकन उघडलं. तातेराव उंबऱ्यात उभे होते. घामानं डबडबलेले, चेहरा लाल. उपासना अजून संपायची होती. चाळीस वर्षांत ते उपासनेतून मधेच उठले नव्हते.

"तूच शिकवलंस त्याला," ते ओरडले. "त्या हरिचंदला! वाळलेल्या हाताची गोष्ट काढली त्यानं आज. काढू दे! पण ते रागाचं वाक्य त्यानं दोनदा वाचलं. दोनदा! आणि मग म्हणाला, त्या दिवशी या पहिल्या बाकाजवळ बाई चावी मागत होती आणि मी बोलत राहिलो, मी त्या गप्प बसलेल्यांपैकी एक आहे. मी एक आहे, म्हणाला, आणि सगळी मंडळी माझ्याकडं बघायला लागली! माझ्याकडं! मी काय माझ्यासाठी केलं का ते? कोणासाठी केलं? उद्या आवाराला काही झालं असतं तर तू आली असतीस सोडवायला?"

"दादा, आत या नाहीतर दार लावून घ्या," शिलाबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली होता. "मनगट सुटतंय माझ्या हातून."

"मी तुझ्याशी बोलतोय!"

"मग बोलता बोलता खांदा धरा."

"काय?"

"हिचा खांदा. मागून, दोन्ही हातांनी. पारुबाई नाही आज. धरायचा असेल तर धरा, नाहीतर चालते व्हा."

तातेराव तसेच उभे राहिले. मिनानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ओट्यावर येऊन गेलेला माणूस तिनं ओळखला. पदर सावरून तिनं खांदा थोडा त्यांच्याकडे केला.

ते आले. चप्पल बाहेर काढायची विसरले. स्टुलामागे उभं राहून त्यांनी मिनाच्या खांद्यावर हात ठेवले, इतके हलके की ठेवले न ठेवल्यासारखे.

"घट्ट," शिलाबाई म्हणाली.

त्यांनी घट्ट धरलं. शिलाबाईनं ताणलं. मिनाची किंकाळी त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर फुटली. तातेरावांनी डोळे गच्च मिटून घेतले, पकड सैल पडून खांदा सुटला, ओठ हलायला लागले.

"डोळे उघडा, दादा."

"मी प्रार्थना करतोय."

"नंतर करा. आत्ता हिच्या हाताकडं बघा. कातडी कुठं पांढरी होतेय ते मला सांगा, मला इकडून दिसत नाही."

त्यांनी डोळे उघडले, खांदा पुन्हा धरला. मांडीची कातडी जिथं हाताच्या कातडीला जोडली होती तिथली शिवण, तिच्यावरच्या गाठी, त्या गाठींखालून आवळलेली दोरीसारखी नस, सगळं त्यांना पहिल्यांदा दिसलं. ते थोडे पुढे वाकले. मग म्हणाले, "कोपराच्या आतून. तिथं पांढरी झालीय."

"बरं. तिथंच धरते."

मिना दात आवळून श्वास घेत होती. तातेरावांच्या तळव्याखाली तिचा खांदा थरथरत होता आणि ती थरथर त्यांच्या मनगटापर्यंत येत होती.

"पुरे कर आता, शिला," ते म्हणाले.

"अजून नाही."

"किती दुखतंय तिला."

"रोज दुखतं. रविवारीसुद्धा दुखतं." तिला वाटलं होतं हे बोलताना बरं वाटेल. तसं काही झालं नाही. राग जागच्या जागी होता, फक्त दोन्ही हात गुंतले होते म्हणून त्याला हलायला जागा नव्हती.

तिनं ताण सोडला. मिना पुढे वाकून धापा टाकायला लागली. तातेरावांनी खांद्यावरचे हात काढले, मग कुठं ठेवावे ते न कळून पुन्हा ठेवले. काही तरी बोलायचं म्हणून ते तिच्या डोक्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुझं नाव काय?"

शिलाबाईनं झटकन वर पाहिलं. इतके महिने झाले होते. सभा झाली, ठराव झाला, ताट तिच्या बाकाशी न थांबता गेलं, आणि ज्या बाईपायी हे सगळं झालं तिचं नाव यांना माहीत नव्हतं. ती बोलायला तोंड उघडणार होती, पण मिनानंच उत्तर दिलं.

"मिना," ती म्हणाली. डाव्या हातानं तिनं डोळे पुसले आणि उजवा हात पुन्हा शिलाबाईच्या पुढे केला. "आन् आजून दोन डाव ताणायचा हाय. नीट धरा, बाबा. मघाशी सुटला व्हता तुमच्या हातून."